मायच्या हाताला लावलेला बोल

माझं लग्न माझ्या चेहऱ्यावर ठरलं होतं. फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे मी जे केलं ते कळायला एवढं आधी माहीत असलेलं बरं. गोंदियात आमच्या घराजवळच्या स्टुडिओत काढलेला माझा फोटो एका नातेवाइकानं सौंदडच्या बाजूच्या एका खेड्यात नेला आणि तिकडून आठ दिवसांत होकार आला. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, घरी धानाची शेती, घरात आई आणि लग्नाची एक बहीण. मी बी.ए. झालेली होते, पण त्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. पाहायला आलेल्या बायांपैकी एकीनं माझ्या गालावर बोट घासून पाहिलं, पावडर निघते का म्हणून. सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा आतून फार बरं वाटलं होतं.

सासूला घरात सगळे माय म्हणत, मीही तसंच म्हणू लागले. माय उंच, हाडापेरानं मोठ्या, बरीच वर्षं विधवा. बोलणं कोयत्यानं तोडल्यासारखं. मी गोंदियाची, हिंदी-मराठी मिसळून बोलत वाढलेली. त्यामुळे पहिले काही महिने मला त्या सारख्या चिडलेल्याच वाटायच्या. "काऊन बसून रायली?" म्हणजे 'का बसली आहेस?', आणि हे रागावणं नसून साधं विचारणं आहे, हे समजायला मला एक पावसाळा लागला.

गावात मात्र मायची ओळख वेगळीच होती. आमच्या मोहल्ल्यात कोणाच्याही घरी बाळ झालं की त्याला तेल लावायला, न्हाऊ घालायला मायला बोलावणं येई. त्या सकाळी शेतावर जायच्या आधी जात. अंगणात पाट टाकून बसत, पाय लांब करत, लेकराला पिंढऱ्यांवर पालथं घालत आणि कोमट जवसाचं तेल त्याच्या पाठीवर सोडत. मी एकदा सोबत गेले होते. ते एवढे मोठे, भेगाळलेले, धान रोवण्याच्या चिखलात राबलेले हात. पण लेकराच्या मानेखाली गेले की कसे मऊ होत ते पाहून मी चकित झाले. रडणारं पोर पाच मिनिटांत गप्प होई. लहानपणी ज्या बायांना मायनं न्हाऊ घातलं होतं, त्या आता आपली लेकरं मायच्या पायांवर आणून ठेवत. मोहल्ल्यात हा मायचा मान होता. माय स्वतः त्याबद्दल काही बोलत नसत, पण बोलावणं आलं की लुगडं बदलून जात, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

२००२ सालची गोष्ट. मला दिवस गेले आणि त्याच सुमारास नणंदेचं लग्न ठरलं. सासर सालेकशाचं, तारीख मे महिन्यातली. दोन्ही गोष्टींनी घर आनंदात होतं. पण दुसरा महिना सरता सरता माझ्या तोंडावर फोड यायला लागले. आधी हनुवटीवर, मग दोन्ही गालांवर, मग कपाळावर. लाल, दुखणारे, एक बसला की दोन वर येत. आयुष्यात माझ्या तोंडावर कधी पुटकुळी आली नव्हती. मी आरशासमोर उभी राहायचे आणि मला त्या फोटोतली मुलगी आठवायची.

शेजारची एक बाई एकदा ताक मागायला आली आणि माझ्याकडे पाहून मायला म्हणाली, "काऊन वो, गोरी सून आणली म्हणत होती ना? चेहऱ्याले का झालं हिच्या?"

माय म्हणाल्या, "पोटुशी आहे ते. गरमी निंगून रायली. पोट्टी असंन पोटात, मायचं रूप घेऊन रायली. घेऊ दे. तिलेच तं पायजे."

मायनं माझी बाजू घेतली होती. पण मला फक्त शेजारणीचं वाक्य ऐकू आलं. लग्नाला सालेकशाची मंडळी येणार, व्हिडिओ निघणार, नणंदेची भावजय म्हणून मला सगळीकडे पुढे उभं राहावं लागणार. मला रडू यायचं ते फोडांच्या दुखण्यानं नाही, त्या व्हिडिओच्या विचारानं.

एप्रिलमध्ये मी चार दिवस माहेरी गेले. तिसऱ्या दिवशी मम्मीला टेलरकडे जाते सांगून बाजारातल्या एका मेडिकलमध्ये गेले. मुद्दाम आमच्या ओळखीचं दुकान टाळलं. काउंटरवर चष्मा लावलेला वयस्कर माणूस होता. मी पदर तोंडावर घेऊन म्हणाले, "भैया, मुंहासों के लिए कुछ देना. जल्दी असर करने वाला."

त्यानं विचारलं, "किसके लिए?"

"मेरी छोटी बहन के लिए."

"शादी हुई है?"

"नहीं, कॉलेज में है."

मला लहान बहीण नाही. का खोटं बोलले ते तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की खरं सांगितलं तर हा माणूस देणार नाही. त्यानं एक छोटी ट्यूब दिली. रात्री थोडंसं लावायचं, सकाळी धुवायचं, उन्हात जायचं नाही, थोडी साल निघेल, घाबरायचं नाही, असं सगळं त्यानं नीट समजावून सांगितलं. त्या माणसाची काही चूक नव्हती. जे विचारायला हवं ते त्यानं विचारलं होतं.

घरी येऊन मी खोका उघडला. आत घडी घातलेला बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद होता. मी तो उलगडला. सगळं वाचलं नाही, पण मधल्या एका ओळीवर डोळा थांबला. तिथे प्रेग्नन्सी हा शब्द होता. त्याच्या पुढचं वाक्य मी वाचलं नाही. वाचता येत नव्हतं असं नाही. मी कागदाची पुन्हा घडी घातली, होती तशीच, आणि खोक्यात ठेवून दिली. मनात म्हटलं, हे गोळीसारखं पोटात थोडंच जातं? वरून लावायचं तर आहे. आणि असे कागद सगळ्याच औषधांत असतात.

ते तीनचार सेकंद मला आजही जसेच्या तसे आठवतात. बाहेर पोळपाटाचा आवाज येत होता, मम्मी पोळ्या लाटत होती. तिला हाक मारून विचारता आलं असतं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन त्या माणसाला खरं सांगता आलं असतं. मी यातलं काही केलं नाही.

सासरी परत आल्यावर मी झोपताना ते मलम लावू लागले. ट्यूब माझ्या पेटीत, साड्यांच्या खाली. नवऱ्याला सांगितलं, व्हॅसलीन आहे. आठ दिवसांत माझं तोंड लालबुंद झालं आणि नाकाच्या बाजूनं, हनुवटीवर साल निघायला लागली. जळजळ इतकी की चुलीसमोर बसवेना. दुकानदारानं सांगितलं होतं म्हणून मला कारण माहीत होतं. पण मायला कसं माहीत असणार? त्यांना वाटलं, एप्रिलच्या उन्हानं सुनेचं तोंड भाजलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मसुराची डाळ दुधात भिजवली, पाट्यावर अगदी गंधासारखी वाटली, त्यात चिमूटभर हळद घातली आणि मला म्हणाल्या, "बस इथं. थंडाई होईन."

मी बसले. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या गालावर तो लेप लावला. लेकराला लावतात तसा, बोटांच्या पोटानं. मला खरंच थंड वाटलं. मी डोळे मिटून घेतले. तेव्हा सांगायला हवं होतं. त्यानंतरही रोज दुपारी त्या लेप लावत राहिल्या आणि मी झोपताना माझं मलम लावत राहिले. एकीकडे त्या विझवत होत्या, दुसरीकडे मी पेटवत होते.

लग्न झालं. मी पुढे उभी राहिले, सालपटं निघालेल्या तोंडावर जाड पावडर थापून. बायांनी पाहिलंच. कोणीतरी विचारलं, तर नणंद सहज बोलून गेली, "माय लेप लावून रायली वहिनीले." मम्मीही तिथेच उभी होती. त्या दिवशी एवढंच बोलणं झालं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी सकाळी मला रक्त दिसलं. फार नव्हतं, पण मी नवऱ्याला हाक मारली. नवऱ्यानं गावातली जीप आणली. माय मागे माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. गोंदियात एका बाई डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. तोवर मम्मीला निरोप गेला होता, तीही पोहोचली.

डॉक्टर वयस्कर होत्या, घाईत होत्या, पण त्यांनी नीट विचारलं. "पडलीस का? ताप आला होता? काही गोळ्या घेतल्यास? काही लावलं, काही खाल्लं?"

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तोंडाला काय झालं हे?"

मी पदर गालावर ओढला. आणि मम्मी दारातून म्हणाली, "मॅडम, इसकी सास ने कुछ लगाया है. जड़ी-बूटी. गांव में करते हैं ना ये लोग. देखो कैसा जला दिया."

डॉक्टर मान हलवून म्हणाल्या, "असलं काही लावत जाऊ नका दिवसांत." बस. त्यांनी एवढंच म्हटलं. रक्त लेपामुळे गेलं असं त्या म्हणाल्या नव्हत्या. पण त्या खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकानं तेच ऐकलं. माय भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या नखांत हळदीचा पिवळा रंग होता. त्यांनी हात पदराखाली घेतले.

मी पाहिलं ते. पाहून तोंड भिंतीकडे वळवलं.

दुपारी मम्मी चहा आणायला गेली तेव्हा माय माझ्या खाटेजवळ आल्या. हळू आवाजात, मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, "माह्या हातानं झालं का वो हे?"

मी झोपेचं सोंग घेतलं. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

बाळ राहिलं. तीन दिवसांनी घरी पाठवलं, पडून राहायला सांगितलं. घरी आल्या आल्या मी पहिलं काम काय केलं असेल तर ती ट्यूब पेटीतून काढून, खोक्यासकट, कागदासकट शेणखताच्या खड्ड्यात खोल पुरली. हे मात्र मी पडून न राहता केलं.

पुढे जे झालं ते मी रोज उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मम्मीनं पाहुण्यांत सांगितलं, पाहुण्यांकडून ते सालेकशाला गेलं, तिथून फिरून आमच्या मोहल्ल्यात आलं. येईपर्यंत मसुराच्या डाळीचा जंगलातला पाला झाला होता. त्या जूनमध्ये शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं बाळ झालं, पण बोलावणं आलं नाही. मायनं सकाळी लुगडं बदललं होतं. थोडा वेळ अंगणात उभ्या राहिल्या. मग शेजारच्या अंगणातून दुसऱ्याच बाईचा आवाज आला, लेकराला गाणं म्हणत न्हाऊ घालणारा. माय आत आल्या, जुनं लुगडं नेसल्या आणि धानाच्या बांधीवर निघून गेल्या. त्या वर्षात मोहल्ल्यात आणखी तीन बाळं झाली. मायला कोणी बोलावलं नाही. कोणी तोंडावर काही म्हणालं नाही, पण म्हणायचं काही उरलंही नव्हतं.

मी दरवेळी ठरवायचे, आज सांगते. नवऱ्याला तरी सांगते. मग वाटायचं, बाळ सुखरूप होऊ दे, मग सांगते. बाळ व्यंग असलेलं झालं तर? तर मी कधीच सांगणार नव्हते, हेही मला माहीत होतं.

नोव्हेंबरमध्ये, धान कापणीच्या दिवसांत, मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, धडधाकट. नर्सनं माझ्याजवळ आणून ठेवली. अशा वेळी दुसऱ्या आया लेकराचं नाक कोणावर गेलं ते पाहतात. मी तिचे कान पाहिले. बोटं मोजली. तोंडात बोट घालून टाळू चाचपली. नर्स म्हणाली, "क्या ढूंढ रही हो?" मी म्हणाले, काही नाही.

सव्वा महिना माहेरी राहून मी परत आले. पहिल्या सकाळी पाट मांडला, तेल कोमट केलं आणि मुलीला मायजवळ नेलं. त्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि सूप खाली ठेवलं नाही.

"माह्या हाताले नको," त्या म्हणाल्या. "कोणाले बोलावून घे."

"माय, असं काय करता…"

"नको म्हटलं ना वो. एक डाव झालं तेवढं बस."

मी तिथेच सांगायला हवं होतं. मुलगी सुखरूप होती, आता भीती कसली होती? पण आता भीती बाळाची नव्हतीच. माझी होती. मी खालच्या आळीतल्या एका बाईला बोलावलं. ती अंगणात मुलीला तेल लावायची आणि माय तिच्याकडे पाठ करून पाखडत बसायच्या. एकदा ती बाई मुलीचे पाय चोळत असताना माय मागे न पाहताच म्हणाल्या, "खालून वर. वरून खाली नाही." आवाजावरूनच त्यांना कळलं होतं. मग लगेच गप्प झाल्या, जणू आपला अधिकार नसताना बोललो.

सात वर्षं अशी गेली. वाचायला सोपं वाटतं.

२००९ मध्ये मला पुन्हा दिवस गेले. आणि पुन्हा तसेच फोड आले. या वेळी मी काही लावलं नाही. गोंदियात आता दुसऱ्या, तरुण बाई डॉक्टर होत्या. त्यांच्यासमोर बसले, त्यांनी विचारलं, "तोंडासाठी काही वापरता का?" आणि माझं रडू फुटलं. नवरा बाहेर बसला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. ट्यूब, लहान बहीण, कागद, लेप, सगळं. सात वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही एका परक्या बाईला.

त्यांनी ऐकून घेतलं. ट्यूबचं नाव विचारलं, मला आठवत होतं. त्या म्हणाल्या, "या जातीचं मलम दिवसांत टाळायचंच असतं. याच जातीच्या गोळ्या तर फार घातक, त्या चुकूनही नाही. मलम कातडीतून अगदी थोडं आत जातं. तुमचं रक्त त्यामुळेच गेलं असं मी म्हणणार नाही. नाहीच गेलं, असंही छातीठोक सांगता येणार नाही. पहिल्या महिन्यांत कितीतरी बायांना असं रक्त दिसतं आणि कारण सापडत नाही. तुमची मुलगी ठीक आहे ना? मग झालं."

"आणि तो लेप?"

"कसला?"

"मसुराच्या डाळीचा. हळद घालून."

त्या हसल्या. "त्यानं काय होतंय? आपण खातो ती डाळ. पुढच्या वेळी फोडांचं मला विचारा. काही मलमं दिवसांतही चालतात, काही नाही चालत. विचारायला काय जातं?"

बाहेर आले तेव्हा क्षणभर हलकं वाटलं. कदाचित माझ्या हातून बाळाला काहीच झालं नव्हतं. पण सौंदडला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसल्यावर दुसरी गोष्ट समोर येऊन उभी राहिली. मलमानं काही केलं असेल-नसेल. मायचं जे झालं ते मलमानं केलं नव्हतं. ते मी केलं होतं, आणि त्याबद्दल कोणत्याही डॉक्टरकडे "सांगता येणार नाही" असं उत्तर नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी माय ओसरीत चिंचा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले, आणि सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सांगू शकले नसते, म्हणून एका दमात सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला. मी संपवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या कागदावर लिव्हून होतं?"

"हो."

"तुले वाचता येत होतं?"

"हो माय."

"म्हंजे तुले मालूम होतं." त्यांनी हातातली चिंच खाली ठेवली. मग आपले दोन्ही तळवे उताणे करून पाहिले. "सात वरस मी या हाताइकडं पाहून रायली. का लागलं असंन याले म्हणून. मी मनात म्हणो, डाळीत का गेलं असंन, पाट्याले का लागून असंन. एकेक गोष्ट आठवून पाहो."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"मले एकटीले सांगून का होते?" त्या म्हणाल्या. "ज्याईच्यासमोर माह्यावर आलं, त्याईले सांग."

त्या संध्याकाळी मी आधी नवऱ्याला सांगितलं. तो उठून मायजवळ जाऊन बसला. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. मम्मीला फोन केला. ती म्हणाली, "अब क्यूं निकाल रही है ये सब? बच्ची अच्छी है ना? छोड़ दे." तिला दोष देण्याचं तोंड मला नव्हतं. माझी आई म्हणून ती माझ्या बाजूनं बोलली होती. बोलायला काय आहे ते मी तिला कळू दिलं नव्हतं.

मोहल्ल्याच्या बायांचा बचत गट शाळेच्या व्हरांड्यात जमे. पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. आणि काय सांगितलं? तर एवढंच की डॉक्टर म्हणाल्या, मसुराच्या डाळीनं काही होत नसतं, मायच्या लेपानं काही झालं नव्हतं. ट्यूबचं नाव काढलं नाही. बायांनी माना हलवल्या. मी बसले. माय समोर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. घरी येताना वाटेत त्या चार पावलं पुढे चालत होत्या.

तो महिना फार वाईट गेला. त्यांनी एका शब्दानं टोचलं नाही, त्यापेक्षा टोचलं असतं तर बरं. पुढच्या बैठकीत मी पुन्हा उभी राहिले आणि या वेळी पूर्ण सांगितलं. कागदाची घडी घातली होती तेही सांगितलं. मग ताक मागायला येणारी तीच शेजारीण म्हणाली, "आता पोटात दुसरं आहे तं पाप धुऊन रायली का?" ती बोलली ते बरंच झालं. मला ते कोणीतरी म्हणायला हवं होतं.

पण एका धाकट्या सुनेनं मागून विचारलं, "कोणती टूब होती वो, ताई? मी बी एक लावून रायली." दुसऱ्या दिवशी ती आणि आणखी दोघीजणी पदराखाली लपवून आपापल्या ट्यूबा घेऊन आल्या. मी कागद वाचून दाखवले, पूर्ण वाक्यं. पोटुशी होती तिला म्हटलं, आजपासून बंद कर आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईला दाखव. त्यानंतर कोणाला काही इंग्रजी कागद वाचायचा असला की बाया माझ्याकडे येऊ लागल्या. 'ताईले विचारा,' म्हणू लागल्या. मायची इज्जत ज्या गोष्टीत गेली, तिच्यात मला मान मिळाला. माय ओसरीत बसून ते पाहत. मला त्या बायांना चहा ठेवतानाही मान वर करता येत नसे.

२०१० च्या सुरुवातीला मुलगा झाला. मी पुन्हा पाट मांडला, तेल कोमट केलं. या वेळी माय बसल्या. पाय लांब केले, लेकराला घेतलं. पण सात वर्षांत त्यांची बोटं आखडली होती, हात थरथरू लागले होते. पाठीवर दोनदा हात फिरवला आणि तिसऱ्यांदा लेकरू पिंढरीवरून घसरलं. मी धरलं. त्यांनी लेकरू माझ्याकडे दिलं. "नाही धरत आता," एवढंच म्हणाल्या. "तू बस. मी सांगतो तसं कर." मी बसले. त्या शेजारी बसून सांगत, चुकलं की खेकसत. मुलगा दहा महिन्यांचा होईपर्यंत रोज.

त्यांनी मला माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना शेजारच्या एका तान्ह्या बाळाची मालिश पाहून आली आणि आजीच्या गळ्यात हात टाकून विचारू लागली, "आजी, मी लहान होती तं मले तूच तेल लावे ना?"

मी चुलीजवळ भाजी ढवळत होते.

माय म्हणाल्या, "मंग? मीच लावो. लय रडे तू. साऱ्या मोहल्ल्याले आवाज जाये."

मुलगी खूश होऊन हसली. मायनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हे खोटं त्या कोणासाठी बोलल्या, नातीसाठी, माझ्यासाठी, की स्वतःसाठी, ते मला कळलं नाही. मी बोलू शकले असते. भाजीत मीठ घातलं आणि झाकण ठेवलं.